थोआताईने ‘यू’चं काय केलं

व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आमचं तुय होआ गाव; तिथल्या बाजाराला वळसा घालून मासळीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चित्रपटगृह होतं. मी तिथे तिकीटखिडकीवर बसायचे. सहाशे खुर्च्या, त्यातल्या चाळीसेक मोडक्या, आणि तरी रविवारी दुपारी तीनच्या खेळाला माणसं भिंतीला टेकून उभी राहायची. ती नटांसाठी येत नव्हती. नट परदेशी, त्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती. माणसं यायची थोआताईच्या आवाजासाठी.

तेव्हा परदेशी चित्रपट आमच्या भाषेत आवाज भरून येत नसत. मशीनच्या खोलीत, भिंतीतल्या झरोक्याशी, एक जण माईक घेऊन बसायचा आणि पडद्यावरचं सगळं बोलणं तिथल्या तिथे व्हिएतनामीत सांगायचा. नायक, नायिका, म्हातारा, तान्हं पोर, पोलीस, सगळ्यांना तोंड एकच. आमच्या गावात ते तोंड थोआताईचं. तिचे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यांच्या मांडीवर ती भाषा तिला आली. वडील गेल्यावर ती सकाळी वॉर्डाच्या भोंग्यावर बातम्या वाचायची. तो आवाज ऐकून आमच्या व्यवस्थापकांनी, दाककाकांनी, तिला बोलावून घेतलं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या एक्याण्णव साली ती अडतीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ लाम यांच्याबरोबर राहायची, सायकलवर यायची, आणि घसा बसू नये म्हणून आल्याचा चहा प्यायची, तो मी खालून वर नेऊन द्यायचे.

लोकांना वाटायचं, वाचायला काय लागतं. कागद असतोच की. पण रशियन चित्रपटांचे कागद राजधानीतून तयार भाषांतर होऊन यायचे. इंग्रजी चित्रपट क्वचित यायचा, आणि आला की बरोबर नुसती इंग्रजी संवादांची चळत. ती हातात पडली की थोआताईचा चेहरा लढाईला निघाल्यासारखा व्हायचा.

एकदा तिने मला ती चळत दाखवली. पानभर आय आणि यू, यू आणि आय.

“बघ लाय,” ती म्हणाली, “इथे नवरा बायकोला यू म्हणतो, बायको पोलिसाला यू म्हणते, पोलीस चोराला यू म्हणतो, आणि हा पोरगा आपल्या आजीला यू म्हणतो. कुणी कुणाला धरून नाही. सगळे एकाच अंगणात उघडेबोडके उभे.”

आमच्याकडे असं चालत नाही. आम्ही समोरच्याला हाक मारतो ती नात्याने, आणि स्वतःलाही नातंच लावतो. दाककाका माझ्याशी बोलताना ‘मला चहा आण’ असं कधी म्हणाले नाहीत; ‘काकाला चहा आण’ म्हणायचे. भाजीवाली स्वतःला मावशी म्हणवते आणि मला पोरी. बसमध्ये शेजारी अनोळखी माणूस बसला तर आधी त्याचं वय काढायचं, मग तोंड उघडायचं, नाहीतर वाक्यच सुरू होत नाही. आणि जोडप्यांचं तर ठरलेलं: पुरुष आन्ह, म्हणजे थोरला भाऊ, आणि बाई एम, म्हणजे धाकटं भावंड. सख्खी भावंडंही हेच शब्द वापरतात. कुणाच्या मनात काय आहे ते आवाजावरून कळतं. दोन माणसं परक्यांचे कोरडे शब्द सोडून ज्या क्षणी आन्ह-एमवर येतात, त्या क्षणी सगळ्या गल्लीला कळतं की यांचं जमलं.

इंग्रजी चित्रपटात हा क्षण कुठेच लिहिलेला नसतो. तो थोआताईने ठरवायचा. तिने शब्द बदलला की सहाशे माणसांचा श्वास एकदम वर यायचा. खेळ सुटल्यावर उसाच्या रसाच्या गाडीपाशी वाद चालायचे, की बागेतल्या भांडणानंतर बदललं ते बरोबर होतं की स्टेशनावर बदलायला हवं होतं. लिऊ आजी, जी दारात भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकायची आणि प्रत्येक चित्रपट तिसऱ्या रांगेतून फुकट बघायची, तिने तर एकदा थोआताईची सायकल धरून ठेवली होती. त्या चित्रपटात ताईने नायक-नायिकेला शेवटपर्यंत परकंच ठेवलं होतं. आजीचं म्हणणं, दोन तास डोळे गाळले मी, एक एम द्यायला तुझं काय जात होतं?

चुकायचीही ती. एका चित्रपटात शेतावर राहणारे दोन भाऊ होते. इंग्रजीत भाऊ म्हणजे भाऊ. थोरला की धाकटा, ते सांगायची त्यांच्यात पद्धत नाही. शेवटचं रीळ बसमधून यायला उशीर झाला, म्हणून ते आधी बघायला मिळालं नव्हतं. ताईने दाढीवाल्याला थोरला धरलं आणि बिनदाढीवाल्याच्या तोंडी त्याला दीड तास दादा म्हणवलं. शेवटच्या रिळात बिनदाढीवाला कुंपणाला टेकून म्हणाला, तू जन्मलास तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मी तिच्या शेजारी चहा घेऊन उभी होते. तिचा रंग उडालेला मी पाहिला. सगळं मिळून एका श्वासाचा वेळ. मग ती शांतपणे माईकमध्ये म्हणाली, “दादा, तुझा जन्म झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पण तू थोरल्या काकांचा मुलगा, म्हणून मी तुला पाळण्यात असल्यापासून दादाच म्हणत आलो.” खाली सहाशे माना डोलल्या. थोरल्या घरचं पोर वयाने कितीही लहान असो, ते दादाच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पडद्यावर दोघांची आई एकच दाखवली होती, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी मशीनमागे खिएम इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

खिएम म्हणजे आमचा मशीन चालवणारा. पस्तिशीचा, मासेमाराच्या घरातला, अंगाने काटक, बोलायला कंजूष. खेळ सुरू होण्याआधी माईकवरून ‘सायकली नीट ओळीत लावा’ एवढी सूचना तो द्यायचा, बाकी त्याचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. थोआताईहून तीन वर्षांनी लहान, म्हणून नऊ वर्षं तो तिला ताई म्हणत आला आणि स्वतःला एम. “ताई, एम रीळ बदलतो, जरा थांबा.” “ताई, एमने पंखा तुमच्याकडे वळवलाय.” त्या खोलीत मशीनच्या दिव्याने भट्टीसारखं उकडायचं, आणि एकुलता एक पंखा नेहमी ताईकडे वळलेला असायचा. हे मी नऊ वर्षांतली चार वर्षं पाहत होते आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. लहान होते मी.

त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी न्या त्रांगहून बसच्या टपावरून पत्र्याचे डबे आले. इंग्रजी चित्रपट, जुनी प्रिंट, एक्केचाळीस पानांचे संवाद. रविवारी दुपारी खेळ लावलेला. थोआताईने शुक्रवारची रात्र कागदावर काढली आणि शनिवारी सकाळी रिकाम्या सभागृहात आम्ही चौघांनी तो बघितला: ती, खिएम, दाककाका आणि मी.

गोष्ट कुठल्याशा थंड मुलुखातल्या तळ्यावरची. एक बाई तळ्यातून टपाल आणि लाकूड नेणारी बोट चालवते. कानाजवळ केस पिकलेले, चाळिशीची. तिच्या बोटीवर एक तरुण कामाला लागतो, तिच्याहून बराच लहान. दोरखंड ओढतो, इंजिन साफ करतो, बोलत काही नाही. आणि हळूहळू त्याचं मन तिच्यावर जडतं, तिचं त्याच्यावर.

दिवे लागले तसे दाककाका म्हणाले की यात काय कठीण आहे, पहिल्यापासून आन्ह-एम ठेव, लोकांना कळायला हवं की हे दोघे प्रेमात पडणार आहेत.

“काका, तो तिच्याकडे नोकर आहे,” थोआताई म्हणाली. “पहिल्याच दिवशी मालकिणीला एम म्हणाला तर ती त्याला तळ्यात ढकलेल. तो तिला ताईच म्हणणार. बदल होईल तो अडतिसाव्या पानावर, धक्क्यावर ती त्याला राहा म्हणते तिथे.”

“आधी होतो,” मागून आवाज आला.

आम्ही तिघं वळलो. खिएम मशीनचा दिवा पुसत होता. काम सोडून आपणहून कशावर मत देताना त्याला आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

“कुठे?” ताईने विचारलं.

“धुकं असतं तिथे. तो तिला आपला कोट देतो.”

तिने कागद चाळले. “सव्वीस नंबरचं पान. तिथे तो काही बोलतच नाही. तीन शब्द आहेत. यू आर कोल्ड. एवढंच.”

“त्यातलाच पहिला.”

“त्या पहिल्यात काही नसतं, खिएम. इंग्रजीत तो शब्द कुत्र्यालाही लावतात. आणि इतके दिवस ताई म्हणणारा माणूस एका कोटापायी बदलत नाही.”

“कोटापायी नाही बदलत, ताई,” खिएम म्हणाला. फडकं त्याने घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं. “तो आधीच बदललेला असतो. कधीचा. कोट देताना फक्त तोंडातून निघतं.”

थोआताईने पेन्सिल उचलली आणि तिला टोक काढायला बसली. पेन्सिलीला टोक होतं.

सव्विसाव्या पानावर तिने ताईच लिहिलं. मी स्वतः पाहिलं.

दाककाकांच्या पोटात गोष्ट राहत नसे. शनिवारी ते केस कापायला गेले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की उद्याच्या चित्रपटात बाई मोठी आहे आणि माणूस लहान, आणि थोआला अजून ठरवता येत नाही. बंदरावरच्या चहाच्या टपरीत दोन तट पडले. एक तट म्हणे, बाई मोठी असली तरी शेवटी एमच. दुसरा म्हणे, ज्याने एकदा ताई म्हटलं त्याची जीभ वळायची नाही. हरेल त्याने माशाच्या रश्शातल्या जाड शेवयांचा वाडगा द्यायचा, असं ठरलं. रविवारी दीड वाजताच माझ्या खिडकीपुढे रांग रस्त्यापर्यंत गेली. अडीचला तिकिटं संपली. उरलेल्यांना दाककाकांनी उभं राहायच्या बोलीवर आत सोडलं. मी खिडकी लावली आणि आल्याचा चहा घेऊन वर पळाले.

पहिली पंचवीस पानं ती सुरेख बोलली. बोटीवरच्या माणसाला तिने असा आवाज दिला होता की तो ताई म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मान खाली घालून उभा आहे. खाली बियाही फुटत नव्हत्या. रीळ संपत आलं होतं. खिएम दुसऱ्या मशीनपाशी उभा राहून झरोक्यातून पडद्यावरची खूण यायची वाट बघत होता. ती खूण दिसली की दुसरं मशीन सुरू करायचं असतं, त्यात दोन सेकंदांची चूक चालत नाही. झरोका लहान, म्हणून त्याचं डोकं ताईच्या खांद्याशी आलं होतं, माईकपासून हातभर.

पडद्यावर धुकं आलं. बोट थांबली. त्या माणसाने कोट काढला, बाईच्या खांद्यावर ठेवला आणि ओठ हलवले. यू आर कोल्ड.

थोआताईने तोंड उघडलं. आवाज आला नाही. नंतर तिने मला सांगितलं की कागदावर ताई लिहिलेलं दिसत होतं, आणि ते म्हणणं खोटं बोलण्यासारखं वाटलं. पण दुसरं म्हणायला जीभही उचलेना.

आणि तेवढ्यात, माईकमधून, सहाशे माणसांच्या कानांत, सायकली ओळीत लावायला सांगणारा आवाज म्हणाला, “एम, थंडी वाजते का?”

नऊ वर्षं जो शब्द तो स्वतःला लावत होता, तो त्याच्याकडून उठून तिच्याकडे गेला होता.

तिसऱ्या रांगेतून लिऊ आजीचा आवाज आला, “अगं बाई, हा तर आपला खिएम.” हसण्याची एक लाट मागच्या रांगेपर्यंत गेली, कुणी शिट्टी मारली, कुणी खुर्चीवर थाप मारली, आणि मग दहा-बारा जणांनी मिळून बाकीच्यांना दटावलं की गप्प बसा, ती काय म्हणते ते ऐकू द्या.

कारण पडद्यावरची बाई अजून बोलली नव्हती. ती कोटात हात घालत होती. एक बाही, मग दुसरी. मग बटणं. मी थोआताईच्या मागून कागद बघत होते. पुढचं वाक्य तिचं होतं. आय वॉज. नॉट नाऊ. म्हणजे, वाजत होती, आता नाही. पण त्या ‘आय’चं काय करायचं? ताईला वाजत होती, की एमला? खाली सगळा गाव अंधारात तोंड वर करून बसला होता.

बाईने शेवटचं बटण लावलं आणि ओठ हलवले.

थोआताई माईकजवळ सरकली. “वाजत होती,” ती म्हणाली. मग, अगदी हलक्या आवाजात, तिच्या नेहमीच्या आवाजाहून वेगळ्याच, “आता एमला थंडी नाही.”

छत उडालं. दुसरा शब्द नाही. लोक उभे राहिले. माझ्या मामेभावाने समोरच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. आणि खिएम, ज्याने नऊ वर्षांत एकही खूण चुकवली नव्हती, तो तिच्याकडे बघत राहिला, रीळ संपलं आणि पडदा पांढरा झाला. पंधरा सेकंद सहाशे माणसं कोऱ्या पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. एकानेही ओरडून पैसे परत मागितले नाहीत, आणि असं आमच्या चित्रपटगृहात त्याआधी कधी घडलं नव्हतं.

त्यापुढचं मला आजही खरं वाटत नाही. सव्विसाव्या पानापासून अडतिसाव्यापर्यंत तिने कागदावर दर ओळीत ताई लिहून ठेवलं होतं. ते सगळं तिने वाचता वाचता बदललं, बारा पानं, एकदाही न अडखळता. कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर. पुरुषाचं बोलणं आलं की ती खिएमकडे बघायची नाही. आणि खिएम मशीनकडे असा बघत उभा होता जसं काही ते त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं.

खेळ सुटला तरी माणसं जाईनात. अंगणात सायकली धरून उभी राहिली. दाककाका धापा टाकत जिना चढून आले. त्यांचा चेहरा रागाचा होता, पण तो धरून ठेवणं त्यांना जड जात होतं. माईकवर खिएमने फक्त सायकलींबद्दल बोलायचं असं ठरलंय, हे त्यांनी त्याला बजावलं, आणि मग दारातच थांबून ऐकू लागले.

थोआताई कागदांची चळत सारखी करत होती. तिने वर न बघता विचारलं, “पडद्यावरच्या माणसाचं बोलणं होतं ते, की स्वतःचं?”

नीट ऐकलं तर या प्रश्नात तिने त्याला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. ना तू, ना धाकट्या, ना काही. जागा मोकळी सोडली होती.

“आन्ह स्वतःचं बोलला,” खिएम म्हणाला.

आता पडद्याचा आडोसाही उरला नव्हता. ताईने चळत टेबलावर ठेवली.

“मग आन्हने नऊ वर्षं का लावली?”

“तुम्ही म्हणालात ना,” तो म्हणाला, आणि गोंधळून पुन्हा पूर्वीसारखा आदराने बोलू लागला, “ताई म्हणणारा माणूस एकदम बदलत नाही म्हणून. पुष्कळदा घरी आरशासमोर करून बघितलं. इथे येऊन तुम्ही दिसलात की ताईच निघायचं.”

त्यावर ती हसली. इतकी हसली की तिला रडू आलं, आणि दाककाका मला दंडाला धरून खाली घेऊन गेले.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिची आई एकाहत्तर वर्षांची. तिने शेजारणीकडून सगळं दोनदा वदवून घेतलं होतं आणि पाहुण्यांना द्यायची सुकी स्क्विड निखाऱ्यावर टाकली होती. तिला वाईट इतकंच वाटलं की नेमकी त्या दिवशी गुडघ्यामुळे ती खेळाला गेली नव्हती.

अडलं ते लामपाशी. लाम हा ताईचा धाकटा भाऊ, बस दुरुस्तीच्या गॅरेजात कामाला, छत्तीस वर्षांचा. म्हणजे खिएमहून एक वर्षाने मोठा. दोघे संध्याकाळी वाळूवर व्हॉलीबॉल खेळायचे आणि खिएम त्याला ‘दादा, चेंडू सोडा’ असं म्हणायचा. आता हिशेब उलटा होणार होता. थोरल्या बहिणीचा नवरा वयाने कितीही लहान असो, घरात तो आन्ह. लामने त्याला दादा म्हणायचं.

लामला खिएम आवडत होता, लग्नही मान्य होतं. नेमका तो शब्द मान्य नव्हता. तो म्हणाला की परवापर्यंत ज्याला मी मैदानावर शिव्या घालत होतो, त्याला आज हात जोडून दादा म्हणू? गॅरेजातली पोरं मला जगू देतील का? ताईने समजावलं, आईने समजावलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, “तुमचं ते इंग्रजीच बरं. त्यात भानगड नाही. मी त्याला यू म्हणतो.”

“म्हण,” थोआताई म्हणाली.

आणि तो खरंच म्हणू लागला. दोन महिने. “यू, जेवलास का?” “यूला सांगा, मशीनचा पट्टा आणलाय.” गावाला हे इतकं आवडलं की खिएम चित्रपटगृहाच्या फाटकातून शिरला की सायकलवाला ओरडायचा, यू आला, यू आला. लिऊ आजी त्याला ‘यूबाळ’ म्हणू लागली. खिएमला राग येत नव्हता. तो म्हणायचा, परदेशात न जाता परदेशी झालो.

लग्न चांद्रवर्षाच्या दहाव्या महिन्यात ठरलं. मुलीच्या घरी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावून नव्या जावयाची ओळख करून द्यायची असते, आणि वडील नसल्यामुळे ते काम लामचं. आदल्या दिवशी आईने त्याला बसवून घेतलं. मी तेव्हा फुलं नीट करायला तिथे होते.

“उद्या देव्हाऱ्यासमोर यू चालणार नाही,” आई म्हणाली. “पूर्वजांना इंग्रजी येत नाही.”

“बाबांना येत होतं,” लाम म्हणाला.

“त्यांना येत होतं. त्यांच्या वडलांना नाही.”

रात्रभर लाम ओटीवर येरझारा घालत होता असं आईने नंतर सांगितलं.

सकाळी पाहुणे आले. लाल कापडाने झाकलेली तबकं, सुपारीचा घड, पाना-फुलांची गर्दी. थोआताईने निळा लांब झगा घातला होता, केस वर बांधले होते, आणि ती मला पडद्यावरच्या कुठल्याही बाईपेक्षा देखणी दिसत होती. लामने उदबत्ती लावली. आधी आजोबांचं नाव घेतलं, मग वडलांचं. मग तो थांबला. सगळं घर थांबलं. दारात गॅरेजातली चार पोरं माना उंच करून उभी होती, त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

“बाबा,” तो म्हणाला, “आजपासून आपल्या घरात थोआताईचे यजमान आलेत. खिएम,” आणि मग उदबत्ती रोवत, “खिएमदादा.”

त्याने चहाचा पेला दोन्ही हातांत धरून पुढे केला. खिएमने तो दोन्ही हातांनी घेतला. रीतीप्रमाणे त्याने आता लामला धाकट्यासारखी हाक मारायची होती. सगळे त्याचीच वाट बघत होते, पोरं तर दात काढायच्या तयारीतच होती.

“बसा, लामदादा,” खिएम म्हणाला.

पाहुण्यांत कुजबूज झाली. त्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले, हे कुठल्या पोथीत बसतं? खिएम नम्रपणे म्हणाला की काका, वयाने ते मोठे आहेत आणि नात्याने मी. दोघांनीही दादा म्हटलं तर कुणाचं काय कमी होतं? म्हाताऱ्याने विचार केला आणि सुपारी तोंडात टाकली. लामने मात्र खिएमला असा आवळला की पेल्यातला चहा दोघांच्या नव्या शर्टांवर सांडला. त्या दिवसापासून ते एकमेकांना दादाच म्हणतात. नव्या माणसाला त्यात कोण मोठा ते कळत नाही, आणि ते दोघे सांगतही नाहीत.

पुढे चित्रपट आवाज भरून येऊ लागले, मग घरोघरी व्हिडिओ आले, आणि आमच्या चित्रपटगृहाचं फर्निचरचं दुकान झालं. थोआताई घरीच पोरांना इंग्रजी शिकवू लागली. खिएम पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. त्यांना एक मुलगी झाली, ताई चाळिशीत असताना, आणि ती आता स्वतः नोकरी करते.

गेल्या टेटला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, मी तांदळाचे वडे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आतून भांडणाचा आवाज येत होता, अंगणातल्या पिवळ्या फुलांच्या झाडाला पाणी कुणी जास्त घातलं यावरून. ताई त्याला म्हाताऱ्या परक्या माणसासारखं ‘आजोबा’ म्हणत होती आणि स्वतःला ‘तोय’, म्हणजे अनोळख्या माणसाशी बोलताना वापरतात तो कोरडा मी. संसारात बायको तोयवर आली की नवऱ्याने दार गाठावं. मुलगी फाटकाशी आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, “मावशी, सकाळपासून तोय चालू आहे. थोडं बसा, चहा होईपर्यंत ती एमवर येईल.”

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. चहाला आधण आलं नव्हतं तोच आतून ताईची हाक ऐकू आली, “आन्ह, बाहेर कोण आलंय बघ. एमचे हात ओले आहेत.”